हवेतली खुर्ची

धाकटीने बाबांचं माप घेतलं तेव्हा ते खिडकीत बसून फेरीबोट बघत होते. फरशीपासून खुर्चीच्या बैठकीपर्यंत एक माप, बैठकीपासून त्यांच्या डोळ्यांपर्यंत दुसरं. आईच्या शिवणकामाच्या टेपचं टोक कानशिलाजवळ आलं, तसे बाबा नदीवरची नजर न हलवता म्हणाले, "शर्ट?"

"शर्ट नाही हो बाबा. तुमचे डोळे किती उंचीवर आहेत ते बघतेय. कॉलेजचं काम आहे."

"डोळे," बाबा म्हणाले. मग बराच वेळ गेला. "दोन आहेत."

आत मशीनवर बसलेली आई खो खो हसली. "लिहून घे गं. पुन्हा सांगणार नाहीत ते."

हे हसू घरात नवीन होतं. वर्षभरापूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि जाताना तो उजव्या अंगातलं बळ आणि जवळजवळ सगळे शब्द घेऊन गेला. इस्पितळात त्यांची खाट भिंतीकडे तोंड करून होती. तिथे त्यांनी आधी उरलंसुरलं बोलणं सोडलं, मग खाणं सोडलं, मग घरच्यांकडे बघणंही सोडलं. डॉक्टरांनी हात टेकले आणि घरी न्यायला सांगितलं. दादाने त्यांना उचलून आणून खिडकीतल्या खुर्चीत बसवलं. खाली नदी होती, आणि या काठावरून त्या काठाला तीच फेरीबोट चालली होती जिचं सुकाणू बाबांनी उभी हयात धरलं होतं. बोट पलीकडच्या धक्क्यावरून हलली आणि बाबा म्हणाले, "सुटली."

त्या दिवसापासून शब्द बोटीबरोबर येऊ लागले. एका खेपेला एखादा, कधी दोन. बोट धुक्यात अडकली की बाबाही गप्प. त्यांना बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा येत. त्यांनी स्पष्टच सांगितलं, "मी नावापुरती आहे. शिकवतेय ती बोट. ही खिडकी तेवढी सोडू नका."

आणि नेमकी खिडकीच सोडायची वेळ आली. इमारतीच्या खांबांना तडे गेले होते. इंजिनिअर आला, इथे तिथे ठोकून बघितलं, आणि जिन्याजवळ लाल रंगाने फुली मारून गेला. महिनाअखेरीपर्यंत सगळ्यांनी बाहेर पडायचं होतं. नवीन घरातून नदी दिसली नाही तर बाबा पुन्हा इस्पितळातल्यासारखे होतील, ही धास्ती आई, दादा आणि धाकटी तिघांच्याही पोटात होती, पण ती आधी तोंडातून कुणी काढायची यावर जणू पैज लागली होती.

ती शेवटी दादाने काढली. दादा मालाची गाडी चालवायचा, टेकडी सोडली तर अख्खं शहर त्याच्या पायाखालचं. "नदीकाठचं घर आपल्या खिशातलं नाही," तो म्हणाला. "उगाच आशेवर राहू नका."

"काठावर कशाला हवं?" धाकटी म्हणाली. "लांबून दिसली तरी पुरे ना? कुठून कुठून दिसते ते मी काढते."

"घराघरात डोकावत फिरणार?"

"कॉलेजात. कॉम्प्युटरवर."

"झालं! मागे हिने मला जवळचा रस्ता काढून दिला होता, आठवतंय ना आई? त्यावर पायऱ्या निघाल्या. गाडी काय पाठीवर घेऊन उतरू?"

"ते मी पहिल्या वर्षाला होते तेव्हा," धाकटी म्हणाली.

कॉलेजच्या जीआयएस लॅबमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे करायच्या खोलीत, दुपारी पडदे ओढलेले असत. जाड खाकी कापडातून गाळून आलेला उजेड, यंत्रांची एकसुरी घरघर आणि रांगेने मांडलेल्या स्क्रीनवर एकाच शहराची निरनिराळी सोंगं. कुणाकडे नुसते रस्ते, कुणाकडे नुसती गटारं, कुणाकडे फक्त झाडं. तिथे तासभर बसलं की शहर खोलीच्या बाहेर आहे की आत, याचा विसर पडे. जेवणानंतरच्या तासाला तर अर्धा वर्ग डोळे उघडे ठेवून झोपलेला असे.

मॅडमनी या सत्राला प्रत्येकाला एक प्रश्न आणायला सांगितला होता. कुठून काय दिसतं, एवढंच शोधायचं. जमिनीचे चढउतार दिले की एका जागेवरून कुठवर नजर पोचते, हे प्रोग्राम काढून देतो आणि दिसणाऱ्या भागावर रंग चढवतो. धाकटीच्या शेजारी बसणाऱ्या मुलाने, गेटवरून कॅन्टीनमधलं रिकामं टेबल दिसतं का, असा प्रश्न आणला होता. त्याला सगळे बफर म्हणत. काही विचारलं की अडकलेल्या व्हिडिओसारखा तो आधी नुसता बघत राही, आणि उत्तर आलं तर पुढच्या तासाला येई.

धाकटीने मांडलं: फेरीबोटीची वाट कुठून कुठून दिसते?

तिला जमीन लागणार होती, आणि जमीन तिच्याजवळ होती. मागच्या सत्रात पुराचा धडा झाला तेव्हा मॅडमनी विमानातून लेझरने मोजलेलं शहर सगळ्यांना दिलं होतं. लेझरचे ठिपके छपरांवर पडतात, पानांवर पडतात, आणि काही फटीफटीतून थेट जमिनीपर्यंत पोचतात. छपरं आणि पानं गाळून टाकली की खाली उरते ती मोकळी जमीन. पुराच्या पाण्याला तीच हवी असते. धाकटीला मात्र ती पाण्यासाठी आवडली नव्हती. पहिल्यांदा ती स्क्रीनवर उघडली तेव्हा पांघरुणाखाली कुणी मोठं, शांत झोपलं असावं तशी ती दिसली होती. करडी, मऊ, कुठेही टोक नसलेली. बाजाराच्या जागी नुसता उतार. कॉलेजच्या जागी एक रुंद पाठ. रस्त्यांचे उरले होते पुसट चरे. आणि सगळ्यांतून वाट काढत, कुणीही न अडवलेली नदी.

तेव्हापासून तिला रिकामा वेळ मिळाला की ती त्या जमिनीवर फिरायला जाई. माउसने स्क्रीनवरचा सूर्य खाली ओढी आणि टेकडीची सावली लांबच लांब पसरवी. घरी बसमधून येतानाही ती मनातल्या मनात इमारती एकेक करून उचलून बाजूला ठेवी, की खाली पुन्हा तो उतार. तिथे जिने नव्हते, म्हणून बाबा तिच्याबरोबर चालू शकत. दोघं गवतातून तिरके नदीकडे उतरत आणि बाबा पूर्वीसारखे न थांबता बोलत असत. काय बोलत, ते तिला बसमधून उतरल्यावर आठवत नसे.

तिने फेरीच्या वाटेवर ठिपके टाकले. एजंटने सांगितलेल्या, परवडतील अशा खोल्या बहुतेक तिसऱ्या मजल्यावरच्या होत्या, कारण लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरचे मजले कुणाला नको असतात. म्हणून बघणाऱ्याच्या उंचीच्या चौकटीत तिने तिसऱ्या मजल्याची उंची टाकली आणि त्यात टेपने घेतलेलं बाबांचं माप मिळवलं. मग बटण दाबलं.

स्क्रीनवरची पट्टी सरकत राहिली. लॅबमध्ये कुणीतरी जांभई दिली, ती रांगेने शेवटपर्यंत पोचली. आणि मग टेकडीच्या नदीकडच्या अंगावर जांभळा रंग उगवला. तो वर वर चढत गेला, वळणांमागे शिरला, पाठीवरून ओघळला. एवढ्या सगळ्या ठिकाणांहून नदी दिसत होती! घरं नसलेल्या त्या जमिनीवर, तीन मजले उंच, एक खुर्ची हवेत तरंगताना धाकटीला दिसली. खुर्चीत बाबा बसले होते, पाय अधांतरी, आणि समोर सगळं उघडं होतं.

मॅडम मागून गेल्या. उंचीच्या आकड्याकडे बघून थांबल्या. "सेंटिमीटरपर्यंत? एवढं नेमकं कुणी मोजत नाही. शाब्बास."

एजंटच्या खोल्यांपैकी जांभळ्यात पडणारी एक खोली टेकडीच्या मध्यावर होती. ती बघायला गेले त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की दादाने गाडी चालत्या माणसाच्या वेगाने नेली. मालकाने खिडकी उघडली. बाहेर पांढरं, फक्त पांढरं.

"मला तर काहीच दिसत नाही," आई म्हणाली.

"समोर नदी आहे," धाकटी म्हणाली. हातातला छापील नकाशा तिने खिडकीच्या दिशेने फिरवून धरला. "या रेषेत. डावीकडे धक्का."

"धुक्यामागे सगळं मोकळंच आहे," एजंटही म्हणाला, पण त्याला विचारलं कुणी नव्हतं.

दादा खिडकीतून वाकला. "धुकं हटेपर्यंत थांबू या का?"

"दुसरी पार्टी दुपारी येतेय," एजंट म्हणाला.

आईने एकदा त्या पांढऱ्याकडे बघितलं आणि एकदा लेकीकडे. "तुझ्या नकाशात धुकं नाही ना?"

"नकाशात धुकं नसतं, आई."

"मग झालं तर," आई म्हणाली, आणि खोली ठरली.

सामान हलवलं त्या दिवशी ऊन लख्ख होतं. दादाने आधी खुर्ची वर नेली, मग बाबांना पाठीवर घेऊन तिन्ही जिने चढला. धाकटी पुढे धावली, तिने खिडकीची दारं सताड उघडली आणि तिथेच उभी राहिली.

समोर भिंत होती. उताराच्या खालच्या अंगाला, रस्त्यापलीकडे, एक शीतगृह उभं होतं. लांबलचक, उंच, एकही खिडकी नसलेलं, पांढरंफटक. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलं होतं आणि त्याच्यावर आकाश सुरू होत होतं. नदी त्याच्यामागे होती. नकाशात होती तिथेच होती.

दादाने बाबांना खुर्चीत टेकवलं आणि मान वर केली. बराच वेळ तो नुसता धापा टाकत राहिला. "तुझ्या नकाशात," तो शेवटी म्हणाला, "एवढी मोठी भिंत कुठे ठेवली होतीस?"

बाबांनी भिंतीकडे बघितलं. डावीकडून उजवीकडे, एका चालीत, नदी बघावी तसं. मग त्यांनी नजर मांडीवर आणली.

"राहू दे रे," आई दादाला म्हणाली. "आधी गाद्या आण वर. भिंत पळून जात नाही."

पुढचे दिवस घरात कुणी कुणावर ओरडलं नाही, आणि तेच धाकटीला जड गेलं. ओरडा पडला असता तर तिला उलट बोलता आलं असतं. बाबांचे शब्द आटत गेले. "पाणी" टिकलं, "बस" टिकलं, "दोन आहेत" म्हणणारा माणूस मात्र कुठे निघून गेला. एका दुपारी त्यांनी भरवलेल्या चमच्यापासून तोंड फिरवलं. आईने चमचा खाली ठेवला आणि उगाचच मशीनला तेल घालायला बसली.

लॅबमध्ये धाकटीने पुन्हा सगळं तपासलं. ठिपके बरोबर. उंची बरोबर. मजला बरोबर. बफर तिच्या स्क्रीनकडे बघत होता, तो बघतच राहिला. तास संपत आला तेव्हा त्याने विचारलं, "जमीन कुठली घेतलीस?"

"म्हणजे? आपली नेहमीची."

"पुराची?"

धाकटीने जमीन उघडली. करडी, मऊ, कुठेही टोक नसलेली. ज्या जमिनीवर एकही घर नाही, तिच्यावरून तिने घर शोधलं होतं. सेंटिमीटरपर्यंत मोजलेले बाबा तिने हवेत बसवले होते आणि त्यांच्यासमोरचं सगळं शहर उचलून ठेवलं होतं. ते उचललंय हे तिला ठाऊक होतं. त्या जमिनीवर फिरताना ते आठवायची गरजच कधी पडली नव्हती.

तिने मॅडमना सांगितलं. शीतगृहाचं, खुर्चीचं, बाबांचं, सगळं. मॅडम टेबलाच्या कडेला टेकल्या.

"दर वर्षी या खोलीत कुणीतरी ही चूक करतं," त्या म्हणाल्या. "कुणी मोबाइलचा टॉवर भलतीकडे उभा करतं, कुणी पवनचक्की. घर बदललेलं कुणी नव्हतं." मग म्हणाल्या, "आणि त्या दिवशी मीही तुझ्या मागून गेले. आकडा बघितला, जमीन नाही बघितली. आता छपरांसकट चालव."

छपरं आणि झाडं न गाळलेलं शहर उघडलं की ते काटेरी दिसे. कोपरे, टाक्या, शेंडे. धाकटीला ते कधीच आवडलं नव्हतं. तिने तेच ठिपके टाकले. यात जमीन म्हणजे छप्परच, म्हणून मजल्याची उंची काढून टाकली आणि नुसतं बसलेल्या बाबांचं माप ठेवलं. पट्टी सरकली. टेकडीवर पसरलेला जांभळा रंग यावेळी उगवलाच नाही. इथे एक छप्पर, तिथे एका झाडाचा शेंडा, जणू रंगाचा डबा घेऊन जाताना कुणाच्या हातून शिंतोडे उडाले होते. तिने आपली इमारत मोठी करून बघितली. सगळी करडी. फक्त गच्चीच्या मागच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीला लागून, जांभळे चौकोन होते. एका खुर्चीपुरते.

ती घरी पोचली ती थेट गच्चीवर गेली. टाकीशेजारी, लोखंडी गजांच्या कठड्याजवळ, बाबांच्या उंचीला येईल एवढी वाकून तिने बघितलं. शीतगृहाचा कोपरा आणि एका उंच झाडाच्या मधोमध पाण्याचा एक तुकडा होता. ती बघत असतानाच त्या तुकड्यात बोटीचं नाक शिरलं.

"बाबा, वरून दिसते!" ती धावत खाली येऊन म्हणाली. "गच्चीवरून. मी आत्ता बघितली. दादा नेईल तुम्हाला."

बाबांनी मान हलवली. नाही. गच्चीचा जिना लोखंडी, अरुंद. पाठीवर माणूस घेऊन त्यावरून चढता येण्यासारखं नव्हतं, हे दादाने बघून सांगितलं. स्वतः चढायचं, नाहीतर नाही. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या की कठडा धरून, मागून आधार देऊन जमण्यासारखं आहे, पण त्यांचं मन हवं. बाबांचं मन नव्हतं. धाकटीच्या शब्दावर ते एकदा तीन जिने चढून आले होते, तेही दुसऱ्याच्या पाठीवर.

मग तिने फोन लावला. दादाच्या फोनचा आवाज मोठा करून तो बाबांच्या खुर्चीच्या हातावर ठेवला, आणि स्वतः गच्चीवर जाऊन बोटीचं वर्णन करू लागली. कॉलेजातून आली की रोज. "बाबा, आली हं. बरीच माणसं आहेत. एक जण सायकल घेऊन उभा आहे. गेली झाडामागे." खालून काही उत्तर येत नसे. आई म्हणे, "क्रिकेटची कॉमेंट्री बरी, त्यात निदान कुणीतरी हरतं."

एका संध्याकाळी पाण्याला ओढ होती. बोट तुकड्यात आली आणि तिरकी झाली. धाकटी घाबरली. "बाबा, बोट वाहून जातेय. आडवी झालीय. आता मागे चाललीय, बाबा!"

फोनमध्ये खुर्ची करकरली. "मागे नाही," बाबांचा आवाज आला.

"मागेच चाललीय, मला दिसतेय ना!"

"मागे नाही! वळव— वळवतो. ओढ आहे. तोंड... वर धरायचं."

"कुठे वर? ती धक्क्याकडे जातच नाहीये, भलतीकडेच—"

"गाढव!" बाबा म्हणाले. एवढा जोरात शब्द त्यांनी वर्षात काढला नव्हता. मग दादाचा आवाज आला, बाबा, अहो थांबा, बाबा, आणि फोन खाली पडल्याचा आवाज.

ती जिन्याच्या तोंडाशी आली तेव्हा बाबांचा डावा हात लोखंडी कठड्यावर होता. मागे दादा दोन्ही हात पसरून, पडले तर झेलायच्या बेतात. बाबा एक पाय वर टाकत, दुसरा त्याच्याजवळ ओढत, आणि प्रत्येक वेळी थांबून श्वास घेत. चेहरा लाल झाला होता, घामाने आणि रागाने. मध्येच ते अगदी थांबले, तेव्हा दादाने वर बघून डोळ्यांनी विचारलं, खाली नेऊ का? धाकटीने काही केलं नाही. मदतीला हात पुढे करावा तर जिन्यात तेवढी जागाही नव्हती. बाबा पुन्हा निघाले.

दादाने धावत खाली जाऊन खुर्ची आणली आणि टाकीजवळ ठेवली. बाबा बसले. आकाश फिकट केशरी झालं होतं, शीतगृहाचं छप्पर वरून एखाद्या गोठलेल्या तळ्यासारखं दिसत होतं, आणि टेकडीच्या उतारावरची घरं संध्याकाळच्या मऊ उजेडात एकमेकांत मिसळत चालली होती. कोपरा आणि झाड यांच्यामध्ये पाण्याचा तुकडा होता. रिकामा.

धाकटी कठड्यावरून वाकली. "मगाशी होती," ती म्हणाली. "शपथ, बाबा. इथेच होती."

बाबांनी तिच्याकडे बघितलं नाही. ते पाण्याकडे बघत होते. श्वास जरा शांत झाल्यावर म्हणाले, "पलीकडे आहे. भरतेय."

तिघं वाट बघत राहिली. जिन्यातून आईचं डोकं वर आलं, मग आई. "सगळे वर आलात, खाली दार सताड उघडं," ती म्हणाली, पण दार लावायला गेली नाही. टाकीला टेकून उभी राहिली.

"आता," बाबा म्हणाले.

पाणी रिकामंच राहिलं.

"आता," ते थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले. दादाने हसू दाबलं. बाबांनी मान किंचित पुढे काढली, कपाळाला आठी घातली, आणि नव्या चालकाविषयी जे काही त्यांच्या मनात होतं ते एका शब्दात सांगितलं.

"नवशिका."

मग झाडाच्या पानांआडून बोट निघाली, डाव्या अंगाला, ओढीच्या उलट, तोंड थोडं वर धरून.